ग्लायडिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि परतीचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न हडपसरच्या धावपट्टीवरून उडणारी ग्लायडर बघत वाढलेल्यांचे आहेत, परदेशातल्या क्लबांत उडणाऱ्या मराठी मंडळींचे आहेत, आणि ज्यांच्या घरचं कुणीतरी पायलट किंवा क्रू (जमिनीवरचा मदतनीस) म्हणून स्पर्धेला निघालंय त्यांचेही आहेत. स्पर्धेच्या तयारीबद्दल सगळेच बोलतात. शेवटचं लँडिंग झाल्यावर ग्लायडर आणि माणसं धड घरी कशी पोचवायची, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून त्या भागाला इथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे. नियम अधूनमधून बदलतात. तुमच्या स्पर्धेच्या 'लोकल प्रोसीजर्स'मध्ये जे छापलं असेल ते अंतिम.

१. ग्लायडरला इंजिनच नाही, मग शर्यत लागते कशी?

टो-प्लेन ग्लायडरला दोराने ओढून साधारण ६०० मीटरवर सोडतं. तिथून पुढे पायलट आणि हवा. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर चढतात, त्यांना थर्मल म्हणतात. घार पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जाते ती याच थर्मलमध्ये, आणि ग्लायडर पायलट तेच करतो. पुरेशी उंची मिळाली की तो सरळ सुटतो आणि पुढचं थर्मल गाठतो. ५०:१ असा ग्लाइड रेशो असलेलं ग्लायडर शांत हवेत १००० मीटर उंचीवरून ५० किलोमीटर जाऊ शकतं.

रोज सकाळी हवामान बघून प्रत्येक वर्गाला टास्क दिला जातो. रेसिंग टास्कमध्ये ठरलेल्या टर्नपॉइंटना वळसा घालून परत यायचं असतं. टर्नपॉइंट म्हणजे बहुधा ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे असाइन्ड एरिया टास्कमध्ये, मोठी क्षेत्रं आणि किमान वेळ दिलेली असते. कुठल्या क्षेत्रात किती आत शिरायचं ते पायलट ठरवतो. पहिल्या प्रकारात वेग दिसतो. दुसऱ्यात आकाश वाचायची अक्कल दिसते, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच.

२. जागतिक स्पर्धा कोण भरवतं? वर्ग कोणते असतात?

एफएआय ही हवाई खेळांची जागतिक संस्था, आणि तिचं ग्लायडिंग कमिशन म्हणजे आयजीसी. पहिली जागतिक स्पर्धा १९३७ साली जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर झाली आणि हाइनी डिटमार जिंकला. आज ओपन, १८ मीटर, १५ मीटर, स्टँडर्ड, क्लब, २० मीटर दोन-आसनी आणि १३.५ मीटर असे वर्ग आहेत (मीटर म्हणजे पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी). सगळे वर्ग एकाच ठिकाणी उडत नाहीत, वाटून दिले जातात. महिलांची आणि २५ वर्षांपर्यंतच्या ज्युनियरांची जागतिक स्पर्धा वेगळी होते. पोलंडमधलं लेश्नो, हंगेरीतलं सेगेड, टेक्सासमधलं युवाल्डी, ऑस्ट्रेलियातली बेनाला आणि नॅरोमाइन ही या खेळातली घरोघरी माहीत असलेली नावं.

३. भारतातून सुरुवात करायची तर कुठून?

हडपसरचं ग्लायडिंग सेंटर डीजीसीएच्या अखत्यारीत येतं, आणि विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून घेतलेल्या उड्डाणांवर शिकायला ती जागा उत्तम आहे. पण स्पर्धा म्हणजे क्रॉसकंट्री. धावपट्टी नजरेआड करून शेकडो किलोमीटर जायचं आणि परत यायचं. आधी एफएआयचा सिल्व्हर बॅज डोळ्यासमोर ठेवा. त्यासाठी ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंचीची कमाई आणि पाच तास हवेत राहणं लागतं. गोल्डला ३०० किलोमीटर आणि ३००० मीटर. हे बॅज आणि एखाद्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अनुभव गाठीशी नसताना जागतिक स्पर्धेचा विचार करू नका. नियमांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी वीस-तीस ग्लायडरांबरोबर एकाच थर्मलमध्ये फिरणं ही शिकून घ्यायची गोष्ट आहे.

जागतिक स्पर्धेत प्रवेश देशाच्या राष्ट्रीय एअरो क्लबमार्फतच मिळतो. भारतात तो एअरो क्लब ऑफ इंडिया. त्याशिवाय एफएआयचं स्पोर्टिंग लायसन लागतं आणि ते एका वेळी एकाच देशाचं असतं. परदेशात स्थायिक असाल तर कुठल्या देशाकडून उडायचं हे आधी पक्कं करा, पुढे बदलायला वेळ जातो. भाड्याच्या परदेशी ग्लायडरवर उडण्यासाठी त्या देशाला तुमचं पायलट लायसन मान्य आहे का, हेही काही महिने आधीच विचारून ठेवा.

४. पहिला-दुसरा कसा ठरतो? पाऊस आला तर?

प्रत्येक दिवसाचे जास्तीत जास्त १००० गुण. टास्क पूर्ण करणाऱ्याला अंतराचे आणि वेगाचे, वाटेत उतरलेल्याला फक्त अंतराचे. टास्क छोटा झाला किंवा थोडेच जण पोचले की दिवसाची किंमत कमी होते. उडालेल्यांपैकी निदान एक चतुर्थांश जणांनी १०० किलोमीटरच्या पुढे मजल मारली नाही तर तो दिवस धरतच नाहीत. वर्गाची स्पर्धा वैध ठरायला किमान चार दिवस मोजले जावे लागतात. दोन आठवड्यांच्या स्पर्धेत पावसाने आठवडा खाल्ला की या चाराकडे सगळ्यांचे डोळे लागतात.

पुरावा म्हणजे फ्लाइट रेकॉर्डरमधली आयजीसी फाइल. जीपीएसची जागा, हवेच्या दाबावरून काढलेली उंची आणि फाइलशी छेडछाड झाली तर उघडं पाडणारी सही, हे सगळं तिच्यात असतं. उतरल्यावर ठरलेल्या मुदतीत ती द्यायची. बंदी असलेल्या हवाई हद्दीत घुसल्याचंही हीच फाइल सांगते, आणि त्याची शिक्षा जबर असते.

५. ग्लायडरच्या पंखांत पाणी भरतात हे खरं का?

खरं. जड ग्लायडर त्याच ग्लाइड रेशोवर जास्त वेगाने जातं, म्हणून पंखांतल्या टाक्यांत शेकडो लिटर पाणी भरतात. चढताना मात्र हे वजन नडतं, त्यामुळे थर्मल कमजोर पडली की पाणी सोडून द्यायचं. वर्गानुसार कमाल वजन ठरलेलं असतं, १८ मीटरला ६०० किलो आणि ओपनला ८५० किलो, आणि ग्रिडवर, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत, जाताना काट्यावर तपासतात. क्लब वर्गात पाण्याला बंदी आहे. तिथे वेगवेगळ्या वयाच्या ग्लायडरांना हँडिकॅप (कामगिरीतला फरक भरून काढणारा आकडा) लावून गुण काढतात, म्हणून कमी पैशांत स्पर्धेत उतरायचं असेल तर तोच वर्ग बरा.

दोन थर्मलमधला वेग किती ठेवायचा, याचं गणित ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो पॉल मॅकक्रेडी १९५६ चा जगज्जेता. आजही प्रत्येक ग्लायड कॉम्प्युटरमध्ये 'मॅकक्रेडी' नावाचा आकडा भरावा लागतो.

६. क्रू म्हणून बोलावलंय. नेमकं काय करायचं असतं?

सकाळी लवकर उठून ग्लायडर पुसायचं, पाणी भरायचं, बॅटऱ्या चढवायच्या, गाडीला जोडून ग्रिडवर न्यायचं. पंख जोडलेले असतील तर पिना बसल्यात का बघायचं, आणि पायलट कॉकपिटमध्ये स्टिक हलवत असताना बाहेरून एलेरॉन, एलेव्हेटर, एअरब्रेक हे पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते भाग हाताने अडवून धरायचे. जोर लागला म्हणजे कंट्रोल खरोखर जोडलेले आहेत. ही तपासणी घाईत कधीही गाळू नका. पंख आणि धड यांच्या फटीवर पांढरी टेप लावायची. तिची एक कड उचलली राहिली तरी हवा शिट्टी घालते आणि पायलट दिवसभर वैतागतो. शेपटीखालची डॉली (जमिनीवर ढकलण्यासाठी लावलेलं चाक) काढून ठेवली आहे याची खात्री उड्डाणाआधी दोघांनी वेगवेगळी करायची. डॉली राहिली तर गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि त्यातून अपघात झाले आहेत.

ग्लायडर उडाल्यावर खरं काम सुरू होतं ते थांबण्याचं. रिट्रीव्हसाठी, म्हणजे बाहेर कुठे उतरलेलं ग्लायडर आणायला जाण्यासाठी, फोन चार्ज, गाडीची टाकी भरलेली, ट्रेलर जोडलेला. संध्याकाळी ग्लायडर खाली आलं की पंखांच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे पुसायचे. हवेत असताना हेच काम बग वायपर करतो. दोऱ्याने पंखाच्या टोकापर्यंत जाऊन परत येणारं ते छोटंसं यंत्र बघताना मला अजूनही नवल वाटतं.

७. शेतात उतरावं लागलं तर?

याला आउटलँडिंग म्हणतात, आणि तो अपघात नाही. उंची असतानाच शेत निवडायचं, तारा, चढ आणि वाऱ्याची दिशा बघायची, आणि एकदा ठरवलं की उशिरा मन बदलायचं नाही. कापणी झालेलं शेत चांगलं, उभं पीक वाईट. वाईट याकरता की ग्लायडर मोडतं, आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच. त्याला भेटल्याशिवाय ट्रेलर शेतात घालू नका. नाव, नंबर, विम्याची माहिती द्या. बहुतेक वेळा चहा किंवा बिअर पुढे येते आणि पोरं कॉकपिटमध्ये बसून फोटो काढतात. तुमच्यानंतर त्याच शेतात दुसऱ्या कुणाला तरी उतरावं लागणार आहे, एवढं लक्षात ठेवून वागा.

८. पाच-सहा तास कॉकपिटमध्ये. लघवीचं काय?

विचारायला लाजू नका, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. लघवी लागू नये म्हणून पाणी न पिणारा पायलट दुपारनंतर चुकीचे निर्णय घेतो, आणि युवाल्डीच्या उन्हात हे लवकर होतं. पुरुष बहुधा बाहेरून लावायचा कॅथेटर आणि नळी किंवा पिशवी वापरतात, बऱ्याच स्त्रिया मोठ्यांचे डायपर. जे काही वापरणार असाल ते घरी, मग छोट्या उड्डाणात करून बघा. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी पहिला प्रयोग नको.

९. छोटं इंजिन असलेलं ग्लायडर असेल तर शेतात उतरायची वेळच येणार नाही ना?

टास्कदरम्यान इंजिन सुरू केलं की त्या जागी तुम्ही उतरलात असं धरतात. रेकॉर्डर आवाजाची पातळी नोंदवतो, त्यामुळे लपत नाही. गुण तिथे थांबतात आणि तुम्ही उडत घरी येता. पण इंजिन सुरू होईलच असं गृहीत धरून खराब भूभागावर खाली जाऊ नका. उतरण्याजोगं शेत हाताशी असतानाच इंजिन बाहेर काढायचं.

१०. जमिनीवरून टीमने बाकीच्यांची जागा सांगितली तर चालतं का?

एका देशाचे पायलट जोडीने उडतात, रेडिओवर बोलतात, ते नियमात आहे. टीम कॅप्टनही माहिती देतो. प्रश्न येतो ट्रॅकिंगच्या माहितीचा. प्रेक्षकांना ती मुद्दाम उशिराने दाखवतात. २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या लेक कीपिटला महिलांची जागतिक स्पर्धा झाली. तिथे यजमान संघाने उशीर न लावलेला ट्रॅकिंग डेटा वापरल्याचं उघड झालं आणि पायलटांचे गुण कापले गेले. हवेत मेहनत करणाऱ्यांना जमिनीवरच्या करामतीची किंमत मोजावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. शंका असेल तर आधी स्पर्धेच्या डायरेक्टरला विचारा.

फ्लार्म हे टक्कर टाळणारं यंत्र वेगळं. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते आलं आणि आता त्याशिवाय कुणी स्पर्धेत उडत नाही. तरी थर्मलमध्ये डोळे बाहेरच हवेत, आणि जो आधी आला त्याच्याच दिशेने फिरायचं.

११. निकाल चुकीचा वाटला तर?

आधी टीम कॅप्टनमार्फत तक्रार. तिचं उत्तर पटलं नाही तर फी भरून प्रोटेस्ट, तो ज्युरीपुढे जातो. मान्य झाला तर फी परत मिळते. शेवटच्या दिवशी मुदत छोटी असते, म्हणून उतरल्यावर फाइल देऊन, गुण तपासूनच पार्टीला जा.

१२. नेहमीची औषधं चालू आहेत. डोपिंगचे नियम लागतात?

लागतात, एफएआय जागतिक उत्तेजकविरोधी संहिता पाळते. इन्सुलिन किंवा काही औषधांना आधी उपचारासाठीची सूट घ्यावी लागते. यादी डॉक्टरांबरोबर तपासा आणि चिठ्ठी इंग्रजीत घ्या, परतताना विमानतळावरही ती लागेल.

१३. स्पर्धा संपली. त्याच रात्री ट्रेलर जोडून निघू का?

माझं उत्तर कायम एकच : नको. दोन आठवडे ऊन, पाणी कमी, झोप अर्धी, आणि शेवटच्या दिवसाचं दडपण. असा माणूस रात्री शेकडो किलोमीटर ट्रेलर ओढायच्या लायकीचा नसतो, आणि क्रू त्याच्यापेक्षा जास्त थकलेला असतो. समारंभ होऊ द्या, एक पूर्ण रात्र झोपा, सकाळी उजेडात डीरिग करा, म्हणजे ग्लायडर सुटं करून ट्रेलरमध्ये भरा. पाणी पूर्ण काढा, टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून सुकू द्या. पंख ट्रेलरमध्ये पाळण्यावर घट्ट बसलेत, पिना आणि बोल्ट पिशवीत आहेत, शेपटीचा भाग बांधला आहे, हे एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने हात लावून बघावं. टायरमधली हवा आणि टायरचं वय दोन्ही बघा. ट्रेलर वर्षातला बराच काळ उभा असतो, रबर झिजत नाही पण तडकतं.

वाटेत ट्रेलर डोलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून उचला आणि वेग हळूहळू उतरू द्या. बहुतेक वेळा कारण एकच असतं, हुकवर भार कमी आणि मागे सामान जास्त.

१४. युरोपात ट्रेलर ओढायला कुठलं लायसन लागतं?

युरोपीय संघाच्या बी लायसनवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३५०० किलोच्या आत हवेत. बी९६ असेल तर ४२५० पर्यंत, आणि त्याच्या पुढे बीई. इथे बघतात ते कागदावरचं कमाल वजन, म्हणून ट्रेलर रिकामा आहे हे उत्तर पोलिसांना चालत नाही. भारतीय लायसनवर जात असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट घ्या, आणि ट्रेलर चालतो का ते गाडी भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्या. जर्मनीत ट्रेलरसह ८० किमीची मर्यादा आहे, ट्रेलरला १०० ची मान्यता असेल तरच त्यापुढे. ऑस्ट्रिया, चेकिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांना विन्येट (टोल भरल्याचं स्टिकर) लागतं.

१५. ग्लायडर समुद्रापलीकडे परत न्यायचं आहे. कागदपत्रं कोणती?

एटीए कार्नेट. त्यामुळे तात्पुरता आणलेला माल शुल्क न भरता आत येतो आणि परत जातो. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. प्रत्येक सीमेवर आत येताना आणि बाहेर जाताना शिक्का घ्यायचाच. परतीच्या घाईत नेमका बाहेर जातानाचा शिक्का राहतो आणि काही महिन्यांनी ग्लायडरच्या पूर्ण किमतीवर शुल्काची मागणी येते. यादीत रेकॉर्डर, पॅराशूट, ट्रेलर यांचे सिरियल नंबर घाला.

४० फुटी कंटेनरमध्ये सुटी केलेली अनेक ग्लायडर नीट बसतात, म्हणून दोन-तीन संघ मिळून कंटेनर घेतात. लाकडी आधार वापरत असाल तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम १५ चा शिक्का हवा. ऑस्ट्रेलियात जाणार असाल तर ट्रेलरची चाकं, चाकखोबणी आणि ग्लायडरचं पोट धुऊन काढा. शेतातली माती आणि गवताचं बी सापडलं तर तिथले अधिकारी सोडत नाहीत. पेट्रोल काढून टाका. लिथियम बॅटऱ्या आणि ऑक्सिजन सिलिंडर कंटेनरमध्ये गुपचूप ठेवू नका, धोकादायक माल म्हणून जाहीर करा.

१६. विमानातून परतताना बॅटऱ्या, पॅराशूट आणि ऑक्सिजन नेता येतो का?

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेत. १०० वॅट-तासांपर्यंत सरळ चालतात, १०० ते १६० पर्यंत दोन, तेही विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे नाही. आकडा काढायला व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. १२.८ व्होल्ट आणि ९ अँपिअर-तास म्हणजे ११५, परवानगी घ्या. १५ अँपिअर-तासांची असेल तर १९२, ती तिथेच कुणाला तरी द्या. बंद प्रकारची शिसे-आम्लाची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची ८४ होते, तीही टर्मिनल झाकून नेता येते. तरी कंपनीला आधी कळवा.

पॅराशूट सोबत ठेवा आणि पॅकिंगचं कार्ड वरच्या कप्प्यात घाला. सुरक्षा तपासणीत एक्स-रे चालतो. कुणी उघडायला लागलं तर नम्रपणे वरिष्ठांना बोलवायची विनंती करा, कारण उघडलेलं पॅराशूट पुन्हा पॅक करून घेतल्याशिवाय वापरता येत नाही. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर नाही. रिकामा, व्हॉल्व्ह काढलेला असेल तरच विचारून बघा.

१७. ग्लायडर मोडलं तर परतीचं काय?

आधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, आणि मोडलेले तुकडे त्यांच्या परवानगीशिवाय हलवू नका. कार्नेटवर आणलेलं ग्लायडर भंगारात काढायचं असेल तर तिथल्या कस्टमला आधी सांगावं लागतं. नाहीतर कागदावर ते त्या देशातच राहतं आणि शुल्क लागतं (प्रश्न १५ पाहा). पायलटला लागलं नसेल तरी त्या दिवशी त्याला गाडी चालवू देऊ नका.

१८. शेंगेन व्हिसा कितीचा घ्यायचा?

सराव, दोन आठवड्यांची स्पर्धा आणि परतीचे दिवस धरून मागा. आणीबाणीसाठी काही दिवस वर असू द्या. मर्यादा १८० दिवसांत ९० दिवसांची. मल्टिपल एंट्री मागा. सेगेडसारख्या मैदानाजवळ सर्बियाची सीमा आहे आणि सर्बिया शेंगेनमध्ये नाही. ट्रेलर घेऊन चुकून त्या बाजूला गेलात आणि व्हिसा सिंगल एंट्रीचा असला तर परत आत येताना अडकाल. आयोजकांचं निमंत्रणपत्र अर्जाबरोबर जोडा आणि त्याची एक प्रत पासपोर्टजवळ ठेवा.

१९. आउटलँडिंगसाठी घेतलेला सॅटेलाइट ट्रॅकर भारतात आणू शकतो का?

सहज नाही, आणि हे घरी कुणीतरी आवर्जून सांगितलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी संदेश पाठवणारी सॅटेलाइट यंत्रं आणि सॅटेलाइट फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. युरोपात डोंगरात फिरणारा प्रत्येक जण ते खिशात ठेवतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही, आणि गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली आहे. हातातल्या एअरबँड (विमानांच्या संपर्काच्या) रेडिओलाही परवाना लागतो. परवानगी हातात नसेल तर ही दोन्ही यंत्रं परदेशातल्या क्लबमध्ये किंवा टीमच्या ट्रेलरमध्ये ठेवून या. सामान भरताना सीटमागचा कप्पा आणि पॅराशूटच्या पिशवीचे खिसे एकदा हात घालून बघा, ट्रॅकर बहुधा तिथेच राहिलेला असतो.